रेघेवरची गावं

दोन-तीन दिवसांचीच सुट्टी असेल तर मोठ्या राजधानीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं आणि नवऱ्याचं आता ठाम मत झालंय. पॅरिस, रोम, व्हिएन्नाला निवांत आठवडा द्यावा लागतो. शनिवारी दुपारी पोचून रविवारी रात्री परत यायचं तर सगळा वेळ रांगेतच जातो, शिवाय पाय दुखतात आणि घरी आल्यावर काय बघितलं ते एकमेकांना धड सांगताही येत नाही. त्यापेक्षा सीमेवरची गावं बघा. दोन देशांच्या मधोमध पडलेली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जाता येईल अशी. युरोपात ती भरपूर आहेत आणि बहुतेक टूरवाले तिथे थांबत नाहीत.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. नवरा पुण्याचा, गाड्यांच्या क्षेत्रातला, आणि इथे तसे पुणेकर इतके आहेत की गणपतीला मोदकांच्या ऑर्डरी महिनाभर आधी द्याव्या लागतात. मी निपाणीची. सीमाभागातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवार हा सगळा मुंबई राज्यातला भाग म्हैसूर राज्यात गेला, म्हणजे आजच्या कर्नाटकात. त्यानंतर १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही, २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे आणि आम्ही तिथेच आहोत. आमच्या आज्जीने घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, पण तिच्या रेशनकार्डावरची लिपी बदलली. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळा मराठी माध्यमाची आणि सरकारी फॉर्म कानडीत. माझे वडील, अण्णा, नगरपालिकेत क्लार्क होते, त्यांना दोन्ही लिहिता यायचं, म्हणून रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर गल्लीतली माणसं फॉर्म घेऊन बसलेली असायची. कोणाला विधवा पेन्शन, कोणाला उतारा, कोणाला पोराचा जातीचा दाखला. आई सगळ्यांना चहा देऊन देऊन वैतागायची.

त्यामुळे कुठल्याही सीमेवर गेले की माझं लक्ष आधी पाट्यांकडे जातं, मग दुकानात कोण कुठल्या भाषेत बोलतंय तिकडे. नवरा सुरुवातीला म्हणायचा की अगं चर्च बघ, काय सुंदर आहे. आता तोच मला दाखवतो, ती बघ, दोन भाषांतली पाटी.

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते स्ट्रासबर्गला. त्याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. जर्मनीत मे २०२३ पासून डॉइचलांड-टिकीट मिळतं, सुरुवातीला ४९ युरोचं होतं, मग महाग होत गेलं, पण त्या एका पासवर महिनाभर देशातल्या सगळ्या साध्या गाड्या, ट्राम आणि बसने फिरता येतं. फास्ट गाड्यांना चालत नाही. मग आपण पॅसेंजरने कार्ल्सरुहे, ऑफेनबुर्ग असं बदलत बदलत केलला उतरायचं. केल हे ऱ्हाइन नदीच्या अलीकडचं शेवटचं जर्मन गाव, आणि तिथून स्ट्रासबर्गची ट्राम मिळते, ती २०१७ पासून थेट नदीच्या पुलावरून जर्मनीत येते. फ्रान्समधून माणसं पिशव्या घेऊन केलला येतात, डायपर, शाम्पू, साबण, तंबाखू घ्यायला, कारण इकडे स्वस्त. आणि इकडची माणसं शनिवारी ब्रेड, चीज, मासे आणायला तिकडे जातात. निपाणीची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जातात, अगदी तसंच ते ट्राममधलं वातावरण, पिशव्या पायात आणि गप्पा मोठ्याने.

कॅथीड्रल बघावंच, १४२ मीटरचा एकच मनोरा आणि गुलाबी दगड, त्यात वाद नाही. पण आमची जागा तिथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, प्लास द ला रेपुब्लिक. गोल बाग आहे, भोवती जर्मन कैसरच्या काळातल्या दणदणीत इमारती, कारण १८७१ ला हे शहर जर्मनीकडे गेलं आणि त्यांनी आपली नवी वस्तीच इथे बांधली. १९१८ ला ते परत फ्रान्सकडे गेलं, १९४० ला पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ च्या शेवटी पुन्हा फ्रान्सकडे. १८७० साली इथे जन्मलेली एखादी बाई पंचाहत्तरीपर्यंत जगली असेल तर गाव न सोडता तिचा देश चारदा बदलला.

बागेच्या मधोमध एक युद्धस्मारक आहे. आपण फ्रान्समध्ये गावोगाव बघतो तशी बंदूक घेतलेल्या सैनिकाची मूर्ती नाही. एक आई बसलेली आहे, पाठ ताठ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिची दोन मुलं कोसळलेली, मरायला टेकलेली. मुलांच्या अंगावर कपडे नाहीत, कारण गणवेश घातला की सांगावं लागलं असतं कुठला. एक जर्मनीकडून लढून मेला आणि एक फ्रान्सकडून. मरताना दोघांनी एकमेकांचा हात धरलाय. लेओं-एर्नेस्त द्रिव्हिए नावाच्या शिल्पकाराचं काम, १९३६ मध्ये उघडलं. फ्रान्समधल्या इतर स्मारकांवर 'मातृभूमीसाठी प्राण दिले' असं काहीतरी असतं, इथे फक्त 'आमच्या मृतांना' एवढंच आहे. कारण पहिल्या महायुद्धात अल्सास-लोरेनचे, म्हणजे स्ट्रासबर्गसकट ह्या सगळ्या सीमाभागाचे, साधारण ३,८०,००० पुरुष जर्मन सैन्यात होते, तेव्हा ते जर्मन नागरिकच होते आणि युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं फ्रान्समध्ये होती. मग कुठल्या मातृभूमीसाठी मेले असं कोरायचं?

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ हलले नाही. नवऱ्याने बाकावर डबा उघडला होता, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मला जेवायला सुचेना. त्या आईचे डोळे मुलांकडे नाहीत, समोर कुठेतरी आहेत, आणि तिचे हात मात्र दोघांनाही धरून आहेत, एकालाही कमी नाही. स्मारक उघडून सहा वर्षं होतात न होतात तोच १९४२ मध्ये जर्मनांनी पुन्हा इथल्या आणि शेजारच्या मोझेलमधल्या तरुणांना जबरदस्तीने आपल्या सैन्यात भरती केलं, साधारण १,३०,००० पोरं, बरीचशी रशियाच्या आघाडीवर पाठवली. त्यातली कितीतरी परत आली नाहीत.

आमच्याकडच्या दुःखाची ह्याच्याशी तुलना मी करणार नाही, करूच नये. पण १७ जानेवारीला आमच्याकडे हुतात्मा दिन पाळतात, सीमाभाग म्हैसूरला देण्याविरुद्धच्या आंदोलनात १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांचा, आणि लहानपणापासून त्या दिवशी ऐकलेल्या भाषणांमध्ये त्या माणसांच्या आया कधी आल्या नाहीत. त्या बाकावर मला ते पहिल्यांदा जाणवलं.

अल्सासमध्ये कोलमारलाही गेलो. गाव चित्रासारखं आहे, गर्दी मात्र असह्य, डिसेंबरात तर जाऊच नका. उंटरलिंडन म्युझियममधली ईझेनहाइमची वेदीचित्रं मात्र चुकवू नका, ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेली. ज्या मठासाठी केली तिथे बुरशी लागलेल्या राईच्या धान्यामुळे होणाऱ्या भयंकर रोगाचे पेशंट ठेवायचे, अंगाची आग व्हायची, बोटं झडायची, म्हणून चित्रातल्या येशूच्या अंगावरही फोड दिसतात, हिरवट कातडी, काटे रुतलेले. त्या रोग्यांना सकाळी उठून हे बघायचं होतं, की बघ, ह्यालाही झालंय. पहिल्या महायुद्धात ही चित्रं जर्मनांनी म्युनिकला नेली, तिथे लोकांनी रांगा लावून बघितली आणि १९१९ ला ती परत कोलमारला आली. सीमेवर चित्रांनाही सुख नाही.

नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेवरच्या बार्लेला गेलो ते अण्णांमुळे. त्यांना कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, एका कॅफेच्या टेबलाखालून देशाची हद्द गेलेली, आणि विचारलं की हे खरं आहे का बघून ये. खरं आहे. नेदरलँड्सच्या आत बेल्जियमच्या जमिनीचे २२ तुकडे आहेत, आणि त्या तुकड्यांच्या आत पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे. साधारण १२ व्या शतकाच्या शेवटी ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार ह्यांनी आपापसात जमिनी वाटून घेतल्या, ज्या शेतीवर वस्ती होती ती ड्यूकने स्वतःकडे ठेवली आणि बाकी पडीक सरदाराला दिली, त्याचा हा परिणाम आठशे वर्षांनी फुटपाथवर दिसतो. पांढऱ्या फुल्यांची ओळ, एका बाजूला एनएल, दुसरीकडे बी. दोन नगरपालिका, दोन महापौर. घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो त्या देशाचं ते घर, असा नियम, आणि घराच्या नंबराच्या पाटीवर झेंडा काढलेला असतो म्हणून कळतं. एका घराच्या तर दारातूनच रेघ गेलीय, त्याला दोन नंबर आहेत.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जवळजवळ सगळा बेल्जियम घेतला पण हे तुकडे घेता आले नाहीत, कारण तिथे पोचायला तटस्थ हॉलंडमधून जावं लागलं असतं. मग बेल्जियमच्या लोकांनी तिथे चक्क वायरलेस स्टेशन चालवलं. २०२० च्या कोविडमध्ये एका दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग बंद आणि डच अर्धा भाग चालू होता, मध्ये नुसती पट्टी लावलेली.

आपल्याकडे कूचबिहारला असेच तुकडे होते, भारताचे बांगलादेशात आणि बांगलादेशचे भारतात, १६२ होते. तिथल्या लोकांना कितीतरी वर्षं ना वीज ना शाळा ना मतदान, कारण स्वतःच्याच देशात जायला परक्या देशातून जावं लागायचं. २०१५ च्या १ ऑगस्टला अदलाबदल होऊन ते एकदाचे मिटले. बार्लेत कोणी मिटवायच्या मागे लागलं नाही. रेघ तशीच ठेवली आणि तिच्यावरून पाण्याची पाइप, कचऱ्याची गाडी आणि शाळेची पोरं कशी जातील ते बसून ठरवलं. दोन्ही नगरपालिकांची मिळून एक समिती आहे, ती नियमित बसते. मला हे फार मोठं वाटतं. रेघ कुठे असावी ह्यावर आमच्या तीन पिढ्या गेल्या आणि जाव्यातही, तो प्रश्न न्यायाचा आहे आणि मी तो सोडा असं कधीच म्हणणार नाही, पण निकाल लागेपर्यंत आमच्या आज्जीला तिच्या भाषेत फॉर्म मिळाला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

सगळ्यात लांबची ट्रिप गोरित्सियाची. ईस्टरला सुट्टी जोडून व्हेनिसला उतरलो आणि लोकल गाडीने दोनेक तासांत पोचलो, इटलीचं अगदी पूर्वेचं टोक. व्हेनिस बघितलंच नाही म्हटल्यावर सगळे ओरडले, ओरडू देत. हे गाव १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाचं, मग इटलीचं, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हिया म्हणे आमचं आणि इटली म्हणे आमचं. शेवटी १९४७ च्या पॅरिस तहात शहर इटलीला दिलं आणि त्याच्या पूर्वेचं सगळं युगोस्लाव्हियाला. सप्टेंबरमध्ये सैनिकांनी प्रत्यक्ष जाऊन चुन्याने रेघ मारली, कोणाच्या परसातून, कोणाच्या गोठ्याजवळून. जवळच मिरेनला तर दफनभूमीतूनच गेली, थडग्यांच्या मधून, आणि ती तशी कितीतरी वर्षं होती. आजोबा एका देशात पुरलेले आणि आजी दुसऱ्या.

१९०६ ला बांधलेलं सुंदर रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाकडे आलं, पण त्याच्या समोरचं शहर इटलीत राहिलं. मग युगोस्लाव्हियाने १९४८ पासून शेतात नवं शहरच बांधायला घेतलं, नोव्हा गोरित्सा, म्हणजे नवं गोरित्सिया. एदवार्द राव्हनिकार नावाच्या आर्किटेक्टने आराखडा केला, आणि हा माणूस पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात काम करून आलेला. नवरा तिथेच थांबून म्हणाला, अगं मग हे चंडीगडच की! आणि खरंच, त्याच १९४७ ला पंजाबचं लाहोर रेघेपलीकडे गेलं म्हणून चंडीगड बांधावं लागलं आणि ते कॉर्बुझिएने केलं. शहर हरवलेल्या दोन प्रांतांना एकाच ऑफिसातल्या गुरू-शिष्यांनी शहरं करून दिली. नोव्हा गोरित्साच्या सरळसोट रुंद रस्त्यावरून, झाडांखालून, काँक्रीटच्या लांब इमारतींच्या बाजूने चालताना हे डोक्यातून जात नव्हतं. गाव काही सुंदर नाही, इटलीच्या बाजूच्या जुन्या गल्ल्या, किल्ला, कॉफीचा वास ह्यापुढे अगदीच कोरडं आहे, पण मला तेच जास्त आवडलं.

स्टेशनसमोरच्या चौकाच्या मधून कुंपण होतं. २००४ ला स्लोव्हेनिया युरोपियन युनियनमध्ये आला आणि ते काढलं, आता जमिनीवर एक गोल खूण आहे आणि प्रत्येक जण एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतो. आम्हीही काढला. २०२५ साठी दोन्ही गावांना मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी केलं होतं.

तिथली एक हकीकत मात्र मी कोणालाही सांगते. १३ ऑगस्ट १९५०, रविवार. नातेवाइकांना सीमेवर भेटायची परवानगी मिळणार म्हणून युगोस्लाव्हियाच्या बाजूला हजारो माणसं जमली. तीन वर्षांत भाऊ-बहिणी भेटलेले नव्हते. गर्दी वाढत गेली, सैनिकांना आवरेना, आणि लोक सरळ नाका ओलांडून गोरित्सियात घुसले. कोणी बहिणीच्या घरी गेलं, कोणी कॅफेत जाऊन बसलं, आणि दुकानं रविवारची उघडावी लागली कारण सगळ्यांना खरेदी करायची होती. सगळ्यात जास्त काय घेतलं? झाडू. तिकडे झाडू मिळत नव्हते. संध्याकाळी ही माणसं हातात झाडू घेऊन रांगेने आपापल्या घरी परत गेली, पळून गेली नाहीत. म्हणून त्या दिवसाला झाडूंचा रविवारच म्हणतात. पुढे १९५५ मध्ये दोन्ही देशांनी सीमेजवळच्या लोकांसाठी वेगळा पास काढला, महिन्यातून ठरावीक वेळा पलीकडे जायला, आणि तेही शीतयुद्ध चालू असताना.

ती हकीकत वाचली तेव्हा मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, त्यात काय नवल, आपल्याकडे एसटी बंद पडल्या होत्या तेव्हा तुझी मावशी कागलला उतरून चालत आली नव्हती का, पुरणाचा डबा घेऊन?" मला आठवत नव्हतं, पण आलीच असणार. वातावरण तापलं की महाराष्ट्राच्या गाड्या कागलपर्यंतच येतात आणि कर्नाटकच्या कोगनोळीला थांबतात, मधलं अंतर माणसांनी आपलं आपण बघायचं. कोविडमध्ये कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट बघितल्याशिवाय सोडत नव्हते आणि आमच्याकडच्या कितीतरी लोकांचे डॉक्टर कोल्हापूरला. तेव्हा मी इथे होते, आणि इथेही मार्च २०२० मध्ये केलची ट्राम बंद झाली होती. जूनपर्यंत बंद. कोन्स्टान्झला तर जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये दोन जाळ्या लावल्या होत्या, प्रेमात पडलेली माणसं दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायची, हात पोचू नये म्हणून मध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय, इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर त्याच्या आधीच, २०२३ च्या ऑक्टोबरपासून. परतीच्या ट्राममध्ये पोलीस चढले की आमच्या डब्यात कोणाकडे आधी बघतात हे आम्हाला आता पाठ झालंय. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, ब्रेड आणायला चाललात तरी. नवरा शांतपणे काढून देतो. मला मात्र दर वेळी राग येतो आणि तो मी गिळते, कारण गाडी थांबून बाकीच्यांचा खोळंबा नको.

मे महिन्यात अण्णा आणि आई येतायत. आईला आयफेल टॉवर बघायचाय, तो आम्ही नीट सवडीने दाखवू. अण्णांना मात्र आधी बार्लेच. त्यांनी वहीत प्रश्न लिहून ठेवलेत आणि मला रोज एक पाठवतात. घरपट्टी पुढच्या दाराच्या देशात भरायची हे समजलं, पण पाण्याचं मीटर मागच्या अंगणात असेल तर? भाडेकरू मागच्या खोलीत राहत असेल तर त्याचं नाव कुठल्या यादीत? दार हलवून खिडकीच्या जागी बसवलं तर नोंद बदलायचा अर्ज आधी कुठल्या ऑफिसात द्यायचा? मी म्हटलं, अण्णा, दोन्ही नगरपालिका चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत, आपण दोन्हीकडे जाऊन विचारू. त्यावर त्यांचा लगेच मेसेज आला: कामकाजाच्या वाराला जायला हवं, शनिवार-रविवार नको, सुट्टी काढ.

सुट्टी काढलीय.